ब्लॉकचेनवर हल्ला होतो तेव्हा मायनिंग पूल काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किती ब्लॉक उलटले आणि किती डॉलर गेले, हे हल्ल्याच्या बातमीत छापून येतं. त्या काही तासांत पूल चालवणाऱ्यांनी काय ठरवलं, हे फारसं येत नाही. नेटवर्क तगतं की कोसळतं हे मात्र बरंचसं तिथेच ठरतं. खालची उत्तरं प्रूफ ऑफ वर्कवर, म्हणजे संगणकाच्या मेहनतीवर चालणाऱ्या नाण्यांबद्दल आहेत, म्हणजे बिटकॉइन, इथेरियम क्लासिक, मोनेरो आणि त्यांच्या जातीची इतर नाणी. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंग बंद केलं, त्यामुळे त्याचा उल्लेख फक्त त्याआधीच्या काळापुरता आहे.

पूल म्हणजे नेमकं काय? हल्ल्याच्या वेळी सगळे पूलकडेच का बघतात?

मायनर म्हणजे संगणकी कोडी सोडवून साखळीत नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, जोडणारा. एकट्या मायनरला ब्लॉक सापडायला वर्षानुवर्षं लागू शकतात. म्हणून हजारो मायनर आपली ताकद एका पूलला जोडतात आणि सापडलेल्या ब्लॉकचं बक्षीस कामाच्या प्रमाणात वाटून घेतात. गावातले लोक डेअरीला दूध घालतात, तसंच हे. म्हशी ज्याच्या त्याच्या गोठ्यात, पण दूध कुठे जाणार, त्याचं काय होणार, हे डेअरी ठरवते. मशिन मायनरचं, वीजबिलही त्याचंच. मात्र कोणत्या ब्लॉकच्या पुढे काम करायचं आणि त्यात कोणते व्यवहार घ्यायचे, हे पूलचा सर्व्हर ठरवतो.

म्हणूनच संकटात पाच-सहा पूल चालकांनी आपल्या सर्व्हरवर बदल केला, की लाखो मशिन काही मिनिटांत दिशा बदलतात. ही सोय आहे आणि धोकाही आहे. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

५१ टक्के हल्ल्यात हल्लेखोर काय करू शकतो?

नेटवर्कच्या एकूण मायनिंग ताकदीपैकी निम्म्याहून जास्त एकाच्या हाती गेली, की तो ५१ टक्के हल्ला करू शकतो. तो तुमच्या वॉलेटमधली नाणी चोरू शकत नाही, कारण सही तुमच्या खासगी किल्लीनेच होते. हवेतून नवी नाणीही काढू शकत नाही. तो आपलेच पैसे दोनदा खर्च करतो. एक्सचेंजवर नाणी जमा करतो, ती विकून दुसरं नाणं काढून घेतो. त्याच वेळी तो गुपचूप दुसरी साखळी खणत असतो, जिच्यात ती जमा झालेलीच नसते. ही साखळी लांब झाली की तो ती जाहीर करतो. नियमाप्रमाणे सगळे नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवणारे संगणक, जास्त काम झालेल्या साखळीकडे वळतात आणि एक्सचेंजकडची नाणी गायब होतात. यालाच डबल स्पेंड म्हणतात, आणि साखळी अशी उलटण्याला रीऑर्ग. याशिवाय तो कुणाचे व्यवहार अडवून धरू शकतो आणि इतरांचे ब्लॉक बाद करून त्यांचं उत्पन्न बुडवू शकतो.

गुपचूप खणलेली साखळी आधी कुणालाच दिसत नाही. मग हल्ला कळतो कसा?

बहुतेक वेळा उशिरा, साखळी उलटल्यावरच. पण भाड्याच्या हॅशरेटने, म्हणजे भाड्याने घेतलेल्या मायनिंग ताकदीने, हल्ला होत असेल तर खुणा आधीच दिसतात.

व्हर्टकॉइन या लहान नाण्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी नाइसहॅश या हॅशरेट भाड्याने देणाऱ्या बाजारात व्हर्टकॉइनच्या अल्गोरिदमचा दर एकाएकी चढला. मायनरच्या मशिनला पूलकडून जो जॉब येतो, त्यात आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्याची ओळख सांगणारा आकडा, लिहिलेला असतो. ज्यांची मशिन भाड्याने गेली होती, त्यांना येणाऱ्या जॉबमध्ये असे हॅश दिसू लागले, जे सार्वजनिक साखळीत कुठेच नव्हते. म्हणजे त्यांचंच मशिन कुणासाठी तरी चोरून साखळी खणत होतं. प्रकल्पाच्या लोकांनी बिट्रेक्स एक्सचेंजला सावध केलं, एक्सचेंजने व्हर्टकॉइनचं वॉलेट बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी हल्लेखोराने साखळी जाहीर केली, ६०० च्या वर ब्लॉक उलटले, पण जिथे नाणी विकायची तो दरवाजा आधीच बंद होता.

एका जागरूक मायनरने जॉबमधली एक ओळ वाचली म्हणून हे झालं. पूलच्या डॅशबोर्डवर फक्त कमाई बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हल्ला झाल्याचं कळल्यावर पहिल्या काही तासांत पूल काय करतो?

इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट २०२० मध्ये एका महिन्यात तीन हल्ले झाले. त्यातला पहिला बघू.

३१ जुलैच्या रात्रीपासून १ ऑगस्टपर्यंत हल्लेखोराने भाड्याचा हॅशरेट वापरून वेगळी साखळी खणली आणि मग ती सोडली. ब्लॉक क्रमांक १०९०४१४६ पासून ३,६९३ ब्लॉक उलटले. ही गोष्ट जाहीरपणे सगळ्यात आधी सांगणाऱ्यांत बिटफ्लाय ही ऑस्ट्रियन कंपनी होती, म्हणजे इथरमाइन हा पूल चालवणारी. त्यांना कळण्याचं कारण साधं होतं. जागा वाचवण्यासाठी जुनी माहिती छाटून टाकणारे नोड इतकं मागे जाऊ शकत नव्हते, त्यामुळे ते अडकले. पूलचा नोड अडकला की मायनरना शिळे जॉब जातात, त्यांचं काम वाया जातं आणि तक्रारींचा पाऊस पडतो. पूलला हल्ल्याची झळ सगळ्यांच्या आधी लागते, ती अशी.

मग कामं ओळीने येतात. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचे नोड कोणत्या उंचीवर, म्हणजे कितव्या ब्लॉकवर, आहेत ते ताडून बघायचं. पैसे वाटप थांबवायचं, कारण उलटलेल्या ब्लॉकचं बक्षीस आता अस्तित्वातच नाही. एक्सचेंजांना जमा आणि काढणं बंद करायला सांगायचं, आणि बिटफ्लायने तेच केलं. शेवटी प्रकल्पाच्या डेव्हलपरांशी बोलून खणायचं कुठे ते ठरवायचं. हे शेवटचं सर्वांत अवघड. पहिल्या काही तासांत हा हल्ला आहे, की एखादा मोठा मायनर नेटवर्कपासून तुटून एकटाच खणत राहिला, हेही स्पष्ट नव्हतं. तो हल्लाच होता हे बिटक्वेरी या विश्लेषण संस्थेने काही दिवसांनी दाखवून दिलं. सुमारे १ लाख ९२ हजार डॉलरचा हॅशरेट भाड्याने घेऊन हल्लेखोराने ८ लाखांहून अधिक नाणी, म्हणजे सुमारे ५६ लाख डॉलर, दोनदा खर्च केले होते. वर खणलेल्या ब्लॉकचं बक्षीसही त्यालाच मिळालं.

दुसरा हल्ला ६ ऑगस्टला झाला, ४,००० च्या वर ब्लॉकचा. तिसरा २९ ऑगस्टला, ७,००० च्या वर. पहिल्या वेळी सगळ्यांनी धावपळ केली, तरी पुढचे दोन थांबले नाहीत. पूल कितीही चपळ असला तरी नेटवर्कचा एकूण हॅशरेटच भाड्याच्या बाजारात मिळण्याइतका थोडा असेल, तर चपळाई पुरत नाही. नंतर ऑक्टोबरमध्ये इथेरियम क्लासिकने ‘मेस’ नावाची व्यवस्था नोडमध्ये चालू केली. उशिरा उघड केलेली लांब साखळी स्वीकारायची, तर तिच्यात नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त काम झालेलं असलं पाहिजे, असा तिचा नियम होता. आणि २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपल्यावर तिकडचे पुष्कळ मायनर क्लासिककडे आले, त्याने हॅशरेट एकदम वाढला. खरं संरक्षण मिळालं ते या हॅशरेटने.

दोन साखळ्या समोर असताना खरी कोणती, हे पूल ठरवू शकतो का?

कागदावर नाही. नियम सगळ्यांना सारखे आहेत. प्रत्यक्षात मात्र मोठ्या पूलने पाऊल कुठे ठेवलं यावर निकाल लागल्याचे दाखले आहेत.

मार्च २०१३ मध्ये हल्ला नसताना बिटकॉइनची साखळी दुभंगली. ११ मार्चच्या रात्री ब्लॉक २२५४३० नव्या ०.८ आवृत्तीने स्वीकारला, जुन्या ०.७ ला तो पचला नाही. हॅशरेटचं बहुमत नव्या साखळीवर होतं. पण दुकानं, एक्सचेंज आणि सामान्य लोक बहुतांश जुन्या आवृत्तीवर होते, आणि त्या सगळ्यांना रात्रीतून अपग्रेड करायला लावणं अशक्य होतं. डेव्हलपर आणि पूल चालक आयआरसी या चॅटवर एकत्र आले. तेव्हाचा मोठा पूल बीटीसी गिल्ड नव्या आवृत्तीवर होता. त्याने मागे जायचं कबूल केलं, म्हणजे नव्या साखळीवर स्वतः कमावलेले ब्लॉक सोडून दिले. तेव्हा एका ब्लॉकचं बक्षीस २५ बिटकॉइन होतं. काही तासांत जुनी साखळी पुढे गेली आणि प्रश्न मिटला. तेवढ्या वेळातही ओकेपे या पेमेंट कंपनीवर सुमारे १०,००० डॉलरचा डबल स्पेंड होऊन गेला.

मला ही घटना फार मोलाची वाटते. कुणीही सक्ती केली नव्हती. पूलने स्वतःच्या खिशाला चाट लावून नेटवर्क एक ठेवलं. पण त्याच वेळी हेही उघड झालं, की मूठभर माणसं एका चॅटरूममध्ये बसून बिटकॉइनची दिशा बदलू शकतात.

त्याची काळजी वाटावी असं रूप मे २०१९ मध्ये बिटकॉइन कॅश या वेगळ्या नाण्यात दिसलं. १५ मेच्या अपग्रेडच्या वेळी कुणीतरी एका बगचा फायदा घेतला आणि काही काळ रिकामे ब्लॉक निघू लागले. त्या गोंधळातच एका अज्ञात मायनरने चुकीच्या पत्त्यांवर अडकून पडलेली, कुणालाही उचलता येतील अशी नाणी घ्यायचा प्रयत्न केला. बीटीसी डॉट टॉप आणि बीटीसी डॉट कॉम या दोन पूलनी मिळून त्याचे दोन ब्लॉक उलटवले. हेतू नाणी मूळ मालकांकडे जावीत हा होता, असं मानलं गेलं. तरीही दोन पूलनी ठरवून एका मायनरचे वैध ब्लॉक बाद केले. हेतू कितीही चांगला असला, तरी ती कृती ५१ टक्के हल्ल्याचीच होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेकपॉइंट म्हणजे काय? तो पूलने कधी मानावा?

अमुक उंचीवर अमुकच ब्लॉक खरा, असं सॉफ्टवेअरमध्ये लिहून टाकणं म्हणजे चेकपॉइंट. बिटकॉइन गोल्डवर मे २०१८ मध्ये मोठा हल्ला झाला होता, जानेवारी २०२० मध्ये पुन्हा झाला. जुलै २०२० मध्ये कुणीतरी लांब साखळी गुपचूप खणत असल्याचं डेव्हलपरांना कळलं. त्यांनी गाजावाजा न करता ब्लॉक ६४०६५० वर चेकपॉइंट असलेली आवृत्ती पूल आणि एक्सचेंजांकडे पोचवली. १० जुलैला हल्लेखोराने १,३०० हून अधिक ब्लॉक एकदम सोडले. ज्यांनी अपग्रेड केलं होतं, त्यांच्या नोडनी ते नाकारले. पूल आणि एक्सचेंज वेळेत हलले म्हणून तो वार फुकट गेला.

उपाय चालला, पण कोणती साखळी खरी हे त्या दिवशी डेव्हलपरांच्या यादीने ठरवलं. लहान नाण्याला कधी कधी हे करावं लागतं. रोजची सवय झाली तर मात्र मायनिंगला अर्थच उरत नाही.

आणि पूलच हल्लेखोर असेल तर?

मग मायनरच्या हातात एकच हत्यार असतं, आपला हॅशरेट काढून घेणं.

२०१४ च्या जूनमध्ये जीहॅश डॉट आयओ या पूलचा बिटकॉइनमधला वाटा काही काळ ५१ टक्क्यांवर गेला. या पूलच्या हॅशरेटने त्याआधी २०१३ मध्ये एका जुगाराच्या साइटवर डबल स्पेंड झाल्याचं उघड झालं होतं, त्यामुळे घबराट होणं साहजिक होतं. बिटफ्युरी या मायनिंग कंपनीने आपली काही ताकद तिथून हलवली, इतर मायनरही गेले. पुढच्या महिन्यात पूलने ४० टक्क्यांच्या खाली राहण्याचं जाहीर वचन दिलं. २०१२ च्या जानेवारीत तर एलिजियस पूलच्या हॅशरेटने कॉइल्डकॉइन नावाचं नवं नाणं संपवण्यात आलं. मर्ज्ड मायनिंगमुळे, म्हणजे एकाच कामातून दोन नाणी खणण्याच्या सोयीमुळे, बिटकॉइनचं काम चालू ठेवूनच ते करता आलं, आणि पूलमधल्या मायनरना कुणी विचारलंही नव्हतं.

मोनेरोवरची २०२५ ची घटना वेगळी होती. क्युबिक प्रकल्पाने मायनरना स्वतःच्या टोकनमध्ये जास्त मोबदला देऊन मोनेरोचा हॅशरेट ओढला आणि १२ ऑगस्टला बहुमत मिळवल्याचा दावा केला. सहा ब्लॉकचा रीऑर्ग झाला. बहुमत खरंच मिळालं होतं का, यावर अभ्यासकांचा आक्षेप आहे. बहुमत नसतानाही सापडलेले ब्लॉक लपवून ठेवून इतरांचे बाद करता येतात. हे इताय एयाल आणि एमिन ग्युन सिरर यांनी २०१३ मध्येच दाखवलं होतं. क्रॅकन एक्सचेंजने मोनेरो जमा करणं काही काळ थांबवलं. १४ सप्टेंबरला १८ ब्लॉकचा रीऑर्ग झाला. मोनेरोमध्ये आलेलं नाणं दहा ब्लॉकनंतरच पुढे खर्च करता येतं, ती भिंतच यात ओलांडली गेली. शंभराहून अधिक व्यवहार रद्द झाले.

इथे इतर पूल फारसं काही करू शकले नाहीत, कारण मायनर पैशासाठी गेले होते. जे राहिले, त्यांच्यातले बरेच पी२पूलकडे वळा म्हणून सांगू लागले. पी२पूलला मालक नाही, मध्यवर्ती सर्व्हर नाही, ब्लॉक प्रत्येक मायनर स्वतः रचतो. मोनेरोच्या मायनरांना हा धोका आधीपासून ठाऊक होता. २०२२ मध्ये माइनएक्सएमआर या पूलचा वाटा ४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर इतका दबाव आला, की त्या ऑगस्टमध्ये तो पूल बंदच झाला.

मोठी चोरी झाली तर पूलना सांगून ब्लॉक उलटवता येतील का?

मे २०१९ मध्ये बायनान्स एक्सचेंजमधून ७,००० बिटकॉइन चोरीला गेले, तेव्हा हा विचार खरोखर बोलून दाखवला गेला. चोराकडची रक्कम फीच्या रूपाने मायनरना देऊन ब्लॉक पुन्हा खणायचे, अशी कल्पना होती. बायनान्सच्या प्रमुखांनी सल्लामसलत करून ती सोडून दिली. बरंच झालं. एकदा उलटवलं की पुढच्या प्रत्येक चोरीनंतर कुणीतरी पूलच्या दारात उभं राहिलं असतं.

प्रत्येक हल्ला ५१ टक्क्यांचाच असतो का?

नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये शांघायला इथेरियमची परिषद भरली, त्याच सुमारास कुणीतरी स्वस्तात पाठवता येणारे पण नोडला डिस्कवरून प्रचंड वाचायला लावणारे व्यवहार सोडले आणि नेटवर्क लंगडं केलं. इथेरियममध्ये ब्लॉकची गॅस मर्यादा, म्हणजे एका ब्लॉकमध्ये किती काम मावेल ती, मायनर थोडी थोडी वर-खाली करू शकत. डेव्हलपरांच्या विनंतीवरून पूलनी ती १५ लाखांपर्यंत आणि काही काळ त्याहूनही खाली आणली, काहींनी नोडचं सॉफ्टवेअरच बदललं. फीचं उत्पन्न घटलं, तरी त्यांनी ते केलं. मूळ दुरुस्ती ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधल्या दोन हार्ड फोर्कनी, म्हणजे सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या नियमबदलांनी झाली.

थेट पूलवर हल्ला झाला तर?

सर्वांत नेहमीचा प्रकार डीडॉसचा, म्हणजे खोट्या विनंत्यांच्या लोंढ्याने सर्व्हर बंद पाडण्याचा. मार्च २०१५ मध्ये अँटपूल, जीहॅशसह अनेक पूलवर असा मारा करून खंडणी मागितली गेली. पूल यासाठी वेगवेगळ्या देशांत सर्व्हर ठेवतात.

दुसरा प्रकार जास्त चोरटा आहे. २०१४ मध्ये एका कॅनडियन इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेतून बीजीपी मार्ग, म्हणजे इंटरनेटवरची माहिती ज्या वाटेने जाते ती वाट, पळवून मायनरची जोडणी भलत्याच सर्व्हरकडे नेली गेली. मशिन चालू, पंखे चालू, पण कमाई चोराला. मायनर आणि पूल यांच्यातली जुनी स्ट्रॅटम भाषा उघड, विना एन्क्रिप्शन चालते, म्हणून हे जमलं.

तिसरा प्रकार ब्लॉक लपवण्याचा. मायनर अर्धवट कामाचे शेअर पाठवून वाटा घेतो, पण पूर्ण ब्लॉक सापडला की तो पाठवतच नाही. २०१४ मध्ये एलिजियसला अशाने सुमारे ३०० बिटकॉइनचा फटका बसला. पकडायला संख्याशास्त्रच लागतं. एवढे शेअर दिले आणि ब्लॉक एकही नाही, हे नशीब म्हणून कुठपर्यंत खपवून घ्यायचं, हे पूलला ठरवावं लागतं.

उलटलेल्या ब्लॉकचं नुकसान कुणाच्या माथी?

वाटपाच्या पद्धतीवर आहे. पीपीएस पद्धतीत पूल प्रत्येक शेअरचे ठरलेले पैसे देतो, ब्लॉक टिको वा न टिको. तोटा पूलचा. पीपीएलएनएस पद्धतीत ब्लॉक टिकला तरच वाटप, म्हणून तोटा मायनरचा. आपला पूल यातला कोणता, हे हल्ल्याच्या आधी बघून ठेवा.

बिटकॉइनवर असं होऊ शकतं का?

भाड्याच्या हॅशरेटने नाही, तेवढा हॅशरेट भाड्याने मिळतच नाही. चिंता पूलच्या एकवटण्याची आहे. गेल्या काही वर्षांत फाउंड्री यूएसए आणि अँटपूल या दोघांचा मिळून वाटा निम्म्याच्या आसपास असतो. शिवाय काही लहान पूल अँटपूलनेच रचलेले ब्लॉक वापरत असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे. पाट्या वेगळ्या, पण ब्लॉक रचणारा एकच. स्ट्रॅटमच्या दुसऱ्या आवृत्तीत जोडणी एन्क्रिप्ट होते, आणि कोणते व्यवहार घ्यायचे हे मायनरला स्वतः ठरवता येतं. तिचा प्रसार हवा तेवढ्या वेगाने होत नाही, आणि याबद्दल मायनरांनी आपापल्या पूलला छळलं पाहिजे.

भारतात असे पूल झाले का?

जीबीमायनर्स या नावाचा एक पूल २०१६-१७ च्या सुमारास बिटकॉइनचे ब्लॉक खणताना दिसत होता. तो गेनबिटकॉइन योजनेशी जोडलेला होता. दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या त्या योजनेच्या फसवणूक प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली. महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांचे पैसे त्यात बुडाले. खरा पूल तुमच्या मशिनचं काम मागतो. ठेव मागणारा आणि ठरलेला परतावा सांगणारा पूल नव्हेच.

माझ्याकडे एक-दोन मशिन आहेत. हल्ल्याच्या वेळी मी काय करायचं?

अँटमायनरसारख्या मशिनच्या सेटिंगमध्ये पूलसाठी तीन रकाने असतात. बरेच जण तिन्हींत एकाच पूलचे पत्ते भरतात. निदान एकात दुसऱ्या मालकाचा पूल टाका, म्हणजे पहिला पडला तर मशिन आपोआप तिकडे जाईल. पूल एन्क्रिप्टेड पोर्ट देत असेल तर तोच वापरा. रिजेक्ट आणि शिळ्या शेअरचं प्रमाण एकाएकी वाढलं, तर राउटरला दोष देण्याआधी पूलचं सूचनापान आणि दोन वेगवेगळे ब्लॉक एक्स्प्लोरर, म्हणजे साखळी दाखवणाऱ्या साइट, उघडून उंची जुळते का ते बघा. कमाई पूलच्या खात्यात साठवू नका, किमान मर्यादा गाठली की काढून घ्या.

हल्ला चालू असताना नाणी एक्सचेंजवर पाठवू नका आणि कुणाकडून घेऊही नका. ‘हल्लेखोराच्या साखळीवर या, जास्त मिळेल’ असा प्रस्ताव आला तर थांबा, कारण तिथे मिळणारं बक्षीस ज्या नाण्यात आहे, त्याचाच भाव तुम्ही पाडायला निघालेले असता. आणि आपल्या पूलचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे सरकताना दिसला, तर हल्ल्याची वाट न बघता मशिन दुसरीकडे लावा.